संशयाची मुभा: आफ्रिकान्स थरारकथेची तीस वर्षं

पहाटेचे पाच वाजून छत्तीस मिनिटं. केपटाऊनच्या लायन्स हेड टेकडीच्या चढावर एक मुलगी जिवाच्या आकांतानं पळते आहे. पाठीवर पिशवी टाकून आफ्रिका बघायला आलेली अमेरिकन तरुणी. तिच्या मैत्रिणीचा रात्री गळा चिरला गेला आणि चिरणारे आता हिच्या मागावर आहेत. त्याच सुमाराला खाली शहरात एका पोलीस अधिकाऱ्याचा फोन वाजतो. त्याला बायकोनं दारूपायी घराबाहेर काढलंय, बाटली सोडून जेमतेम पाच महिने झालेत. त्याच्याकडे सोपवलेलं काम तपासाचं नाहीच. नव्या दमाच्या काळ्या आणि मिश्रवंशीय अधिकाऱ्यांना हाताशी धरून त्यांना तयार करायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. पण दिवस मावळायच्या आत, तेरा तासांत, ती मुलगी जिवंत सापडायला हवी.

डेऑन मेयर यांच्या ‘१३ ऊर’, म्हणजे ‘तेरा तास’, या २००८ सालच्या कादंबरीची ही सुरुवात. अधिकाऱ्याचं नाव बेनी ख्रीसल. रोमन लिपीत त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर ‘ग’चं आहे, पण आफ्रिकान्समध्ये ते घशातून ‘ख’सारखं उच्चारतात. मेयर यांची पुस्तकं आज दोन डझनांहून अधिक भाषांत वाचली जातात. फ्रान्स, जर्मनी, स्वीडन, अमेरिका इथले रहस्यकथांचे मोठे पुरस्कार त्यांना मिळाले आहेत. ती लिहिली जातात मात्र अशा भाषेत, जी दक्षिण आफ्रिकेतल्या साधारण दहातल्या एका माणसाची घरची भाषा आहे.

या यशाची गोष्ट बहुतेक वेळा ‘छोट्या भाषेतला लेखक जगभर पोचला’ अशी सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. भाषांतर हा या प्रवासाचा शेवटचा टप्पा. त्याच्या आधी दोन गोष्टी व्हाव्या लागल्या. एक, या भाषेत सरकारवर आणि पोलिसांवर उघड संशय घेण्याची मुभा मिळाली. दुसरी त्याहून जुनी: याच भाषेत लहानपणी चोर-पोलिसांच्या गोष्टी वाचून वाढलेला वाचक आधीपासून तयार होता. थरारकथा या दोन पायांवर उभी राहते. त्यातला कुठला पाय आज किती भक्कम आहे, हे पाहण्यासाठी हा आढावा.

एका भाषेचं ओझं

आफ्रिकान्सचा जन्म केप वसाहतीतला. डच वसाहतवाल्यांची बोली, मूळच्या खोइखोई लोकांची बोलण्याची धाटणी आणि इंडोनेशिया, मादागास्कर, बंगाल, मलबार इथून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची भाषा, हे सगळं तिथल्या स्वयंपाकघरांत आणि शेतांवर एकमेकांत मिसळलं. ‘पुष्कळ’ या अर्थाचा रोजचा शब्द ‘बाया’ आणि केळ्यासाठीचा ‘पिसांग’ हे दोन्ही मलायहून आले. या भाषेतलं काही सुरुवातीचं लेखन तर केपमधल्या मुसलमानांनी अरबी लिपीत केलेलं आहे.

पुढे ही भाषा गोऱ्या आफ्रिकानर राष्ट्रवादाच्या हाती गेली. १८७५ मध्ये पार्ल या गावी ‘खऱ्या आफ्रिकानरांची सभा’ स्थापन झाली, १९२५ मध्ये भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९३३ मध्ये संपूर्ण बायबल आलं. १९४८ नंतर वर्णभेदाच्या सरकारनं तिला सत्तेची भाषा केलं. काळ्या शाळांत निम्मे विषय याच भाषेतून शिकवायची सक्ती झाली आणि तिच्याविरुद्ध १६ जून १९७६ रोजी सोवेटोची पोरं रस्त्यावर उतरली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जगासाठी आफ्रिकान्स ही त्या दिवसापासून ‘जुलमी माणसाची भाषा’ झाली.

प्रत्यक्षात ती कुणा एका वर्णाची कधीच नव्हती. २०११ च्या जनगणनेत ही घरची भाषा सांगणारे सुमारे ६८ लाख लोक होते. त्यांत गोरे साधारण २७ लाख, तर तिथे ‘कलर्ड’ म्हणून नोंदले जाणारे मिश्रवंशीय सुमारे ३४ लाख. म्हणजे ही भाषा बोलणारे बहुसंख्य लोक गोरे नाहीत. छापील पुस्तकांतून मात्र हे दीर्घकाळ दिसलं नाही. थरारकथेचा इतिहास याच दरीच्या काठाकाठानं जातो.

मेयरच्या आधीचं वाचन

या भाषेतल्या वाचकाला रहस्याची चटक लागली ती शाळेत. स्टेला ब्लेकमोर यांनी मासडोर्प या मुलींच्या वसतिगृह-शाळेवर मालिका लिहिली आणि थ्युनिस क्रोख या पुरुषी टोपणनावानं ‘क्युरबॉसलान’ ही मुलांच्या शाळेची मालिका. टॉप्सी स्मिथ यांचा ट्रॉम्पी आणि त्याची टोळी, बेटी नाउडे या नावानं आलेली सार्ची ही धीट मुलगी, लिऑन रूसो यांचा अंतराळात जाणारा फ्रिट्स डेलमन: या नावांवर दोन-तीन पिढ्या वाढल्या. गुप्त वाटा, रात्रीचे दिवे, गावात आलेला संशयास्पद पाहुणा आणि शेवटच्या प्रकरणात चोर पकडला जाणं, असा सगळा मसाला त्यात होता. यातला रूसो हा माणूस पुढे कोस ह्यूमन यांच्यासोबत १९५९ मध्ये ‘ह्यूमन अँड रूसो’ ही प्रकाशन संस्था काढतो आणि पन्नास वर्षांनी तीच संस्था मेयर यांच्या कादंबऱ्या छापते. बालवाचक आणि प्रौढ थरारकथा यांचं नातं दाखवायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

मोठ्यांसाठी फोटोकथा होत्या. दक्षिण आफ्रिकेत दूरचित्रवाणी आली १९७६ च्या जानेवारीत, तोवर आणि नंतरही काही वर्षं या पुस्तिका हातोहात खपत. ‘काळ्या वेशातला घोडेस्वार’, बिकिनीतली गुप्तहेर टेसा, आणि सीमेवरच्या युद्धात शत्रूचा फडशा पाडणारा ‘ग्रेन्सफेख्टर’. यांतला नायक गोरा, खलनायक ओळखू येणारा आणि सरकार नेहमी बरोबर. थरार भरपूर, पण संशय फक्त बाहेरच्यांवर. घरातल्या माणसावर, खात्यावर, साहेबावर संशय घ्यायचा नाही, हा न लिहिलेला नियम होता.

गंभीर साहित्यात हा नियम मोडण्याचे प्रयत्न झाले. एत्येन लेरू यांनी १९६४ च्या ‘एन फिर आझाझेल’मध्ये खुनाचा तपास करणारा पोलीस आणला, पण ती कादंबरी तपासकथेच्या सांगाड्यावर रचलेली मिथकांची बांधणी होती. रोजच्या पोलीस ठाण्याशी तिला घेणं नव्हतं. आंद्रे ब्रिंक यांच्या १९७३ च्या ‘केनिस फान दी आअंट’वर बंदी आली. सरकारनं बंदी घातलेली ती पहिली आफ्रिकान्स कादंबरी. गोरा आणि काळा पोलीस जोडीनं तपास करताहेत अशी रहस्यकथा त्या काळात आली, पण इंग्रजीत. जेम्स मॅक्ल्युअर यांची ‘द स्टीम पिग’ १९७१ ची, आणि तोवर लेखक देश सोडून ब्रिटनला गेले होते.

आफ्रिकान्समधली त्या काळातली सर्वांत हादरवणारी गुन्हेकथा कादंबरीत आलीच नाही, ती वर्तमानपत्रात आली. नोव्हेंबर १९८९ मध्ये माक्स द्यू प्रेअ संपादक असलेल्या ‘फ्रेये वेकब्लाट’ या छोट्या साप्ताहिकानं डर्क कुट्सिया या माजी पोलीस अधिकाऱ्याचा कबुलीजबाब छापला. प्रिटोरियाजवळच्या फ्लाकप्लास नावाच्या शेतावरून पोलिसांचंच एक पथक सरकारविरोधकांना ठार मारत होतं. बातमी खरी निघाली. पण त्यातून उद्भवलेल्या बदनामीच्या खटल्यांचा खर्च न पेलल्यामुळे साप्ताहिक १९९४ मध्ये बंद पडलं. घरातल्या माणसावर संशय घेण्याची किंमत ही अशी होती. पण ती एकदा कुणीतरी, याच भाषेत, मोजली होती. पुढच्या कादंबरीकारांना मोकळी झालेली वाट तिथून सुरू होते.

पार्लचा पत्रकार

मेयर यांचा जन्म १९५८ चा, त्याच पार्ल गावातला. बालपण क्लेर्क्सडोर्प या खाणींच्या मुलखात गेलं. लष्करी सेवा आणि पोचेफस्ट्रूमला शिक्षण झाल्यावर ब्लुमफाँटेनच्या ‘फोल्क्सब्लाट’ दैनिकात बातमीदारी. मग जनसंपर्क, जाहिरातींची कॉपी, इंटरनेटवरची कामं. मोटरसायकलचं वेड इतकं, की ते व्यवसायाचाही भाग झालं. कादंबऱ्या लिहायला बसले ते पस्तिशीच्या आसपास, नोकरी सांभाळून.

पहिली कादंबरी ‘वी मेत फ्यूर स्पेल’ १९९४ ची. म्हणजे मंडेला निवडून आले ते वर्ष. ती इंग्रजीत आलीच नाही. खरी सुरुवात १९९६ च्या ‘फेनिक्स’पासून. तिच्यात माट यूबर्ट हा तपास अधिकारी आहे. बायको पोलीस खात्यातच होती, ती मारली गेल्यापासून तो आतून विझलेला. शहरात शंभर वर्षं जुन्या माउझर पिस्तुलानं एकापाठोपाठ एक खून पडताहेत. चौकट अमेरिकी-युरोपीय रहस्यकथेचीच आहे. नवं आहे ते खातं. वरिष्ठ नवे आलेत, वजन कमी करायचे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे आदेश निघताहेत, जुन्या अधिकाऱ्यांना आपली जागा राहील का याची धास्ती आहे. बदलत्या देशाचं ओझं एका पोलिसाच्या पोटावर आणि झोपेवर कसं पडतं, हे मेयर यांनी इथे पहिल्यांदा दाखवलं. याच कादंबरीच्या कडेला एक दारुडा सहकारी दिसतो. त्याचं नाव बेनी ख्रीसल. तो नायक व्हायला आणखी आठ वर्षं लागायची होती.

‘ओरिऑन’ (२०००) मध्ये नोकरी सोडलेला झाटोपेक फान हीर्डन हरवलेलं एक मृत्युपत्र शोधतो. हातात सात दिवस. वर्तमानातला तपास आणि त्यानं स्वतः सांगितलेलं पूर्वायुष्य अशी प्रकरणं आलटून पालटून येतात आणि वाचकाला हळूहळू कळतं, की मुख्य आरोपी भूतकाळ आहे. फ्रेंचमध्ये या दोन्ही पुस्तकांनी मेयर यांचं बस्तान बसवलं. ‘फेनिक्स’च्या भाषांतराला २००३ मध्ये तिथला पोलीस-साहित्याचा मानाचा ग्रां प्री मिळाला.

मोठी उडी होती ती ‘प्रोटिअस’ची (२००२). इथे नायकच बदलला. थोबेला म्पायिफेली हा खोसा माणूस, मुक्तिलढ्यातला माजी मारेकरी, आता मोटरसायकलच्या दुकानात साधी नोकरी करून गुण्यागोविंदानं राहू पाहतोय. जुन्या मित्राच्या जिवासाठी तो एक मोठी बीएमडब्ल्यू काढतो आणि केपटाऊनहून थेट झांबियातल्या लुसाकाकडे निघतो. मागे नव्या लोकशाही सरकारच्या गुप्तचर यंत्रणा. आफ्रिकान्स वाचकाला एका पूर्वीच्या ‘दहशतवाद्या’च्या मागच्या सीटवर बसवून हजारो किलोमीटर न्यायचं आणि त्याच्या सुटकेसाठी देवाला साकडं घालायला लावायचं, ही करामत होती. वीस वर्षांपूर्वी ‘ग्रेन्सफेख्टर’ नेमक्या याच माणसाला गोळी घालत होता.

‘इन्फान्टा’ (२००४) मध्ये थोबेला आणि ख्रीसल समोरासमोर आले. थोबेलाच्या दत्तक मुलाचा पेट्रोल पंपावरच्या दरोड्यात जीव जातो, आरोपी सुटतात, आणि थोबेला भाला हातात घेऊन बालकांवर अत्याचार करणाऱ्यांना एकेक करून संपवू लागतो. त्याला पकडायची जबाबदारी ख्रीसलची. ख्रीसलला बायकोनं अट घातली आहे: सहा महिने दारू सोडून दाखव, मगच घरात ये. दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठानं १९९५ मध्ये फाशी रद्द केली, त्यावरून देशात न संपणारा वाद आहे. मेयर त्या वादावर भाषण देत नाहीत. ते वाचकाला अशा जागी उभं करतात, जिथून खुनी बरोबर वाटतो, आणि मग विचारतात की या भावनेचं आता काय करणार? माझ्या मते ही त्यांची सर्वांत अस्वस्थ करणारी आणि म्हणून सर्वोत्तम कादंबरी आहे. २०१० मध्ये स्वीडिश रहस्यकथा अकादमीचा मार्टिन बेक पुरस्कार तिला मिळाला.

घड्याळ, खातं आणि राज्य

‘१३ ऊर’पासून मेयर यांची पकड बसली. काटेकोर वेळ, छोटी प्रकरणं, एकाच वेळी दोन तपास. पण पुस्तक गाजलं ते त्यातल्या खात्यामुळे. ख्रीसलच्या हाताखाली वूसी न्दाबेनी आहे, कडवट फ्रान्समन डेकर आहे, आणि आहे म्बाली कालेनी: जाडजूड, हट्टी, झुलू, नियमांवर बोट ठेवणारी बाई. पुरुष सहकारी तिची टिंगल करतात आणि ती त्या सगळ्यांहून हुशार निघते. पुढच्या पुस्तकांत ख्रीसलचा जोडीदार म्हणून फॉन क्यूपिडो ठसठशीत होतो. झकपक कपडे, केपच्या वस्तीतली बोली, आणि साहेबाला हाक मारायची ती ‘बेना’ अशी.

या एका हाकेत बरंच काही आहे. ‘बेना’ म्हणणारा क्यूपिडो पाठ्यपुस्तकातलं आफ्रिकान्स बोलत नाही, तो काप्स बोलतो. केपच्या कामगारवस्त्यांची ही बोली ‘अशुद्ध’ म्हणून शतकभर शाळेबाहेर ठेवली गेली. मेयर यांच्या पानावर ती खोसा आणि झुलू वाक्यांच्या, इंग्रजी तुकड्यांच्या शेजारी बिनदिक्कत बसते. के. एल. सीगर्स यांनी या पुस्तकांची इंग्रजी भाषांतरं केली, त्यांनी बऱ्याच शिव्या आणि शब्द तसेच ठेवून मागे शब्दार्थांची यादी जोडली. मूळ वाचताना मात्र यादी लागत नाही. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतोय आणि ती कधी बदलतोय, यावरूनच त्या खोलीत सत्ता कुणाच्या हातात आहे ते कळतं. भाषांतरात सगळ्यात जास्त गळतं ते हेच.

‘स्पोअर’ (२०१०) हा नुसता माग काढण्याचा खेळ नाही. आफ्रिकान्समध्ये ‘स्पोअर’ म्हणजे पायांचे ठसे, माग, आणि आगगाडीचा रूळही. शिकाऱ्यांच्या तोंडून हा शब्द इंग्रजीतही गेला आहे. गेंड्यांची तस्करी, घर सोडून आलेली एक मध्यमवयीन बाई, एक हरवलेला नवरा अशा तीन वाटा शेवटी एकमेकींना छेदतात. २०१९ मध्ये यावर दूरचित्रमालिका झाली. ‘प्रोटिअस’वरून ‘हार्ट ऑफ द हंटर’ हा चित्रपट २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

मग कादंबऱ्यांतला संशय वर वर चढू लागला. ‘७ दाए’मध्ये कुणीतरी रोज एका पोलिसाला गोळी घालतो, कारण एक जुना खून पोलीस दडपताहेत असं त्याचं म्हणणं. ‘कोब्रा’त गुप्तचर यंत्रणा, ‘इकारुस’मध्ये तंत्रज्ञान आणि द्राक्षमळ्यांचा पैसा, ‘प्रोई’मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष. यात अतिशयोक्ती शोधणाऱ्यानं वर्तमानपत्र उघडावं. देशाचे पोलीस महासंचालक आणि इंटरपोलचे अध्यक्ष राहिलेले जॅकी सेलेबी २०१० मध्ये भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरले आणि त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. २०२२-२३ या एका वर्षात देशात २७ हजारांहून अधिक खुनांची नोंद झाली. अशा जागी रहस्यकथाकाराला कल्पनाशक्ती कमी आणि संयम जास्त लागतो.

‘कोअर्स’ (२०१६) या सगळ्यांत वेगळी. एका विषाणूनं जगातली ९५ टक्के माणसं मेली आहेत आणि विलेम स्टोर्म हा बाप आपल्या किशोरवयीन मुलाला, निकोला, घेऊन नव्या वसाहतीच्या शोधात निघतो. ऑरेंज नदीवरच्या धरणाकाठी वसलेल्या गावाला ते नाव देतात ‘अमान्झी’, म्हणजे पाणी. हा विषाणू कोरोनाच्या जातीचा आहे, म्हणून २०२० मध्ये हे पुस्तक पुन्हा शोधून वाचलं गेलं. पण त्याची खरी ताकद निकोच्या आवाजात आहे. वडिलांचा खून होणार हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. उरतो तो मुलगा मोठा कसा होतो, बापाच्या स्वप्नाची त्याला लाज कधी वाटते आणि अभिमान कधी. मेयर किशोरांसाठी लिहीत नाहीत, पण किशोरवाचकाच्या हातात निर्धास्तपणे द्यावं असं त्यांचं पुस्तक हेच.

इतर वाटा

मेयर यांनी दार उघडलं, आत आलेल्यांनी आपापली खोली थाटली. राजकीय पत्रकारिता केलेल्या कारिन ब्रायनार्ड यांची ‘प्लासमोर्ट’ (२००९) नावापासूनच निखाऱ्यावर पाय ठेवते. ‘प्लासमोर्ट’ म्हणजे शेतावरचा खून. त्या देशात हा शब्द उच्चारला की माणसं लगेच दोन गटांत उभी राहतात. जोहान्सबर्गहून कालाहारीच्या कडेला बदली झालेला आल्बर्टुस बीस्लार आणि त्याचे दोन शिकाऊ हवालदार यांच्या नजरेनं ब्रायनार्ड जमीन, वारसा, जुने हिशेब यांची उकल करतात. ‘टॉइसलांट’ (२०१६) सान लोकांच्या भूमीवरच्या हक्कापर्यंत जाते. सामाजिक खोलीत मला त्या मेयर यांच्याही पुढे वाटतात. वेगात मात्र मागे.

ख्रिस कार्स्टन यांनी विकृत खुन्याच्या मनात शिरणाऱ्या आबेल लॉट्स कादंबऱ्या लिहिल्या. रूडी फान रेन्सबर्ख यांचा कासी कासलमन हा गबाळा, तिरकस तपासनीस आहे. प्रेमकथांमधून आलेल्या विल्ना आद्रिआन्से यांनी एली मॅकेन्ना उभी केली. पेशानं वकील असलेल्या बेतिना वायन्गार्ड यांच्या ‘फॉइलस्पेल’ची (२०१३) नायिका निकी द वी ही गोरी नसलेली स्त्री पोलीस अधिकारी आहे. क्यूपिडोसारखी माणसं इथे जोडीदाराच्या जागेवरून मध्यभागी येतात.

यावरून मेयर यांच्यावरचा मुख्य आक्षेपही कळतो. त्यांचं खातं बहुवर्णी आहे, पण दुःख भोगण्याचा, चुकण्याचा आणि बदलण्याचा पूर्ण अधिकार बहुतेक वेळा ख्रीसललाच मिळतो. थोबेला अतिशय उदात्त आहे, इतका की कधी कधी माणूस राहत नाही. बायका बळी जातात किंवा सुटका होण्याची वाट पाहतात. म्बाली हा अपवाद, आणि म्हणूनच ती लक्षात राहते. शेवटच्या शंभर पानांतला आंतरराष्ट्रीय कट अनेकदा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. हे दोष खरे आहेत. तरी ‘पोलीस चांगला की वाईट’ या प्रश्नाऐवजी ‘हा पोलीस आज पिणार की नाही’ हा प्रश्न वाचकाच्या मनात रुजवणं, हे काम त्यांनी केलं. सत्तेवरच्या संशयाला त्यांनी माणसाचा चेहरा दिला.

दुसरा पाय

आता किशोरवाचकाकडे. क्युरबॉसलान आणि ट्रॉम्पीची पुस्तकं आजही नव्यानं छापली जातात, पण ती विकत घेतात बहुधा आजी-आजोबा. त्या जगातली शाळा गोऱ्या मुलांची, काळी माणसं कडेला, चाकरीत. ते साहस आजच्या वर्गात जसंच्या तसं नेता येत नाही.

नव्या लेखकांनी ते ओळखलं. फ्रान्स्वा ब्लुमहॉफ यांनी १९९१ च्या ‘दी नाख हेत नेत एन ओअख’ या भयकादंबरीपासून प्रौढांसाठी आणि किशोरांसाठी अशी दोन्हीकडे पुस्तकं लिहिली. फानी फिल्युन हेही तसेच दोन्ही बाजूंनी लिहिणारे. याको याकोब्स यांनी तर शंभराहून अधिक पुस्तकं लिहून मुलांची एक फळीच वाचती केली. झॉम्बी-चित्रपटाच्या त्यांच्या गोष्टीत वडील गमावलेला, आकड्यांत रमणारा मुलगा आणि वूसी नावाचा आजारी शेजारी मिळून सिनेमा काढायचं ठरवतात. भीती आहे, पाठलाग आहे, हसू आहे, आणि मुलाची आई घराबाहेर पडत नाही यामागचं दुःखही आहे. ती इंग्रजीत जाऊन ब्रिटनमध्ये छापली गेली. चेस र्‍हिस यांची २०१८ मधली ‘किनेस’ केपटाऊनच्या केप फ्लॅट्स या वस्त्यांतल्या मुलांची गोष्ट अस्सल काप्समध्ये सांगते. टोळ्यांच्या गोळीबारात वाढणाऱ्या या मुलांना गुन्हा शोधायला कुठे जावं लागत नाही, तो दारात असतो.

म्हणजे लेखन आहे. किशोर साहित्याचे पुरस्कार आहेत, त्यांतला स्खीपर्स पुरस्कार १९५६ पासूनचा. साहित्य-कला महोत्सव आहेत: आउट्सहोर्नचा १९९५ पासून भरतो. १९९९ पासून आफ्रिकान्सची स्वतंत्र वाहिनी आहे. सरकारचं छत्र गेल्यावर या भाषेनं आपला बाजार स्वतः उभा केला, हे मान्य करावंच लागेल. पण २०११ मध्ये १३.५ टक्के लोकांची घरची भाषा असलेली आफ्रिकान्स २०२२ च्या जनगणनेत १०.६ टक्क्यांवर आली. मोठी विद्यापीठं इंग्रजीकडे वळली आहेत. शाळेच्या माध्यमाचा निर्णय कुणाचा, यावर २०२४ च्या शिक्षण कायद्यानं नवा वाद पेटवला. आणि ज्या वस्त्यांत ही भाषा सर्वांत जास्त बोलली जाते, तिथल्या कुटुंबांना कोरं पुस्तक विकत घेणं सहज परवडत नाही. मेयर यांचा तिशीतला वाचक ट्रॉम्पी वाचून तयार झाला होता. २०४५ मधला तिशीतला वाचक आज कुठल्या वाचनालयात बसला आहे?

माझा निष्कर्ष असा. संशयाची मुभा या भाषेनं किंमत मोजून मिळवली आणि तिचा उपयोग चांगला केला. तो पाय भक्कम आहे. दुसरा डळमळीत आहे, आणि तो सावरायचा तर पुढचा मेयर पार्लच्या वाड्यांत शोधण्यापेक्षा केप फ्लॅट्सच्या शाळांत शोधावा लागेल. तिथली पोरं आधीच क्यूपिडोसारखी बोलतात. त्यांच्या हाती पुस्तक पोचायला हवं, एवढंच.

इंग्रजीतून सुरुवात करू इच्छिणाऱ्या वाचकाला एक सल्ला. गाजलेलं म्हणून ‘थर्टीन अवर्स’ आधी उचलू नका. ‘डेव्हिल्स पीक’ या नावानं आलेली ‘इन्फान्टा’ आधी वाचा, म्हणजे ख्रीसल तळाला असताना तुम्हाला भेटेल. मग ‘थर्टीन अवर्स’, आणि मध्ये ब्रायनार्ड यांची ‘वीपिंग वॉटर्स’. घरात बारा-तेरा वर्षांचं मूल असेल तर याकोब्स यांची झॉम्बीची गोष्ट त्याच्या उशाशी ठेवा.